शब्दचर्चा : हल्ला थोपवला, परतवला की जिरवला?

अडीचघर
मंडळी, मुलांच्या बुद्धिबळ वर्गासाठी गाजलेल्या डावांची छोटी पुस्तिका मराठीत लिहितोय. समोरचा सगळी फौज घेऊन राजाच्या अंगावर येतो आणि हा गडी डोकं शांत ठेवून त्यातून सुटतो, कधीकधी वर डावही मारतो, असे डाव निवडलेत. चाली लिहून झाल्या. गाडी अडली आहे ती शब्दांवर.

हल्ल्याला आपल्याकडे विशेषणांचा तुटवडा नाही. घणाघाती, झंझावाती, तुफानी, चौफेर, बिनतोड. बचावाच्या वाट्याला मात्र ‘भक्कम’ आणि ‘चिवट’, फार तर ‘अभेद्य’. ‘ब्रिलियंट डिफेन्स’साठी ‘चमकदार बचाव’ लिहून पाहिलं, तर दंतमंजनाची जाहिरात वाटली. शिवाय ‘बचाव’ हा शब्द सुरुवातींच्या नावांनी आधीच अडवून ठेवलाय. म्हणायचं सिसिलियन बचाव, आणि त्यात काळा जमेल तेव्हा पांढऱ्याच्याच अंगावर धावून जातो. मुलं विचारतात, सर, हा कसला बचाव?

घेतलेले डाव असे: कापाब्लांका-मार्शल, न्यूयॉर्क १९१८. रेशेव्हस्की-पेट्रोस्यान, झ्युरिक १९५३. आणि कार्याकिनचे कार्लसनविरुद्धचे २०१६ मधले दोन. या सगळ्यांना ‘बचाव’ एवढा एकच शब्द पुरेल असं मला वाटत नाही. तुम्ही काय म्हणाल?

तिरकी_चाल
विशेषण शोधत बसू नका, क्रियापद शोधा. मराठीची खरी मजा तिथे आहे. हल्ला थोपवतात, रोखतात, परतवतात, चुकवतात, मोडून काढतात, बोथट करतात, जिरवतात. यातली कुठलीही दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. थोपवला म्हणजे वेशीवर अडवला. परतवला म्हणजे आलेला माघारी गेला. मोडून काढला म्हणजे हल्ला करणाऱ्याचंच कंबरडं मोडलं. डाव पाहायचा आणि त्यात नक्की काय घडलं ते विचारायचं, शब्द आपोआप मिळतो.

कापाब्लांकाच्या डावाला माझं मत ‘जिरवला’. का ते सांगतो, थोडं लांबेल.

स्पॅनिश सुरुवात. आठव्या चालीला मार्शल ‘डी’ प्यादं दोन घरं पुढे टाकतो आणि ई५ वरचं (उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८, त्यावरून घरांची नावं) प्यादं सोडून देतो. समोरचा हे सगळं घरी शिजवून आलाय हे कापाब्लांकाला कळलं होतं, नंतर त्याने तसं लिहिलंही आहे. तरी त्याने प्यादं घेतलं. पंधरा चाली होईपर्यंत पट बघा: काळ्याचा वजीर एच४ वर, घोडा थेट एफ२ वर घुसलेला, डी६ वरचा उंट एच२ कडे डोळे लावून. पांढऱ्याचे वजिराच्या बाजूचे हत्ती, घोडा, उंट अजून जागेवरून हललेलेही नाहीत. एफ२ वरचा घोडा वजिराने मारायचा मोह कुणालाही होईल, आणि मारला की काळ्याचा उंट एच२ वरून शह देतो आणि डाव हातातून जातो. कापाब्लांका घोड्याला हात लावत नाही. हत्ती ई२ वर आणून ठेवतो, बस.

पुढची गंमत राजाची. एफ१, ई२, डी३, सी२ असा तो चालत वजिराच्या बाजूला गेला. ही चारही पावलं शह बसला म्हणून टाकलेली आहेत. म्हणजे मार्शल शह देत गेला आणि दर शहागणिक राजाला त्या आगीतून बाहेर काढत गेला. पंचविसाव्या चालीला काळ्याचा वजीर जी१ वर पोचला, आणि डाव संपेपर्यंत तिथून हलला नाही. तोवर पटाच्या दुसऱ्या अंगाला पांढऱ्याचं एक प्यादं बी७ पर्यंत गेलं होतं. छत्तिसाव्या चालीला उंटाने एफ७ मारून शह दिला आणि मार्शलने डाव सोडला.

याला थोपवला कसं म्हणणार? हल्ला वेशीवर थांबलाच नाही. आत आला, घरभर फिरला आणि आतच संपला. आपल्याकडे ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा गावोगावच्या भिंतींवर रंगवलेली असायची. त्यातला अडवणं आणि जिरवणं यांतला फरक इथे तंतोतंत लागू पडतो. हत्ती ई२ हे अडवणं, राजाची ती पायपीट हे जिरवणं.

सोलापुरी_चादर
‘मार्शलची जिरवली’ असं लिहा की राव. मुलांना लगेच कळेल. 😄

बाकी त्या बिचाऱ्याने म्हणे हा हल्ला नऊ वर्षं दडवून ठेवला होता. १९०९ च्या मॅचमध्ये कापाब्लांकाने धुतलं (आठ विजय विरुद्ध एक), तेव्हापासून योग्य संधीची वाट बघत होता.

मुळाक्षर
ती नऊ वर्षांची गोष्ट ऐकायला झकास आहे, पण बुद्धिबळाच्या इतिहासाचे अभ्यासक ती फारशी मानत नाहीत. पुस्तिकेत घालायचीच तर ‘असं सांगतात’ म्हणून घाला.

‘जिरवणे’बद्दल एक शंका. ‘हल्ला जिरवला’ आणि ‘त्याची जिरवली’ ही दोन वेगळी माणसं आहेत. पहिल्यात कर्म हल्ला आहे आणि भाव शांत आहे. दुसऱ्यात कर्म लुप्त आहे (मस्ती, खोड, जे काय असेल ते) आणि भाव खुनशी आहे. कापाब्लांकाच्या खेळात खुनशीपणा औषधालाही नव्हता. तेव्हा ‘हल्ला’ हा शब्द गाळू नका, नाहीतर वाचणारा चादरभाऊंच्या अर्थाकडे घसरणार.

आणखी एक. अडीचघर, तुम्ही म्हणता तशी हल्ल्याची चलती फक्त विशेषणांत नाही, नावांतही आहे. हा डाव मार्शल हरला, तरी ती सुरुवात आज जगभर ‘मार्शल हल्ला’ म्हणूनच ओळखली जाते, आणि ती भल्याभल्यांचं आवडतं हत्यार आहे. पहिल्याच भेटीत, पटावर बसल्या बसल्या जो तिला पुरून उरला त्याचं नाव तिथे कुठेच नाही. ‘पुरून उरणे’ हेही घ्या यादीत. माणसासाठी वापरा, हल्ल्यासाठी ‘जिरवणे’.

रांगडा_हत्ती
कोल्हापूरचा असल्यामुळे बोलणं भाग आहे. तुमच्याच पोस्टमध्ये उत्तर पडलंय आणि कुणी उचलंना. ‘बिनतोड’ हल्ला म्हणालात न्हवं? मग ज्याला तोड निघाली त्याला काय म्हणायचं? तालमीत प्रत्येक डावाला तोड शिकवतात. वस्ताद नुसता डाव शिकवून सोडत नाही, त्याची तोड पण अंगात मुरवून घेतो. ‘मार्शलच्या डावाला कापाब्लांकानं तोड काढली.’ एक शब्द, चार अक्षरांच्या आत, आणि त्यात बचावाचा केविलवाणेपणा नाही.

तिरकी_चाल
तोड फर्मास आहे. पण ती एका चालीला किंवा एका युक्तीला शोभते. वीस-पंचवीस चालींच्या संबंध झुंजीला ‘तोड’ म्हटलं की झुंज छोटी होते. हत्ती ई२ ही तोड, हे मान्य.

अडीचघर
उत्तम. ‘तोड’ चालीला, ‘जिरवणे’ डावाला. आता पेट्रोस्यानकडे या. तिथे मी खरा अडकलोय, कारण त्या डावात हल्ला अजून यायचाच आहे. पांढऱ्याची डी४ आणि ई५ ही प्यादी शेजारी-शेजारी उभी आहेत, ती पुढे सरकली की काळा चिरडला जाणार. पंचविसाव्या चालीला पेट्रोस्यान ई७ वरचा हत्ती उचलतो आणि ई६ वर ठेवतो. सरळ जी४ वरच्या उंटाच्या तोंडात. मी लिहिलंय, ‘हत्तीचं बलिदान’. पण त्यात तो हौतात्म्याचा आव येतो, जो त्या चालीत अजिबात नाही.

मुळाक्षर
नाहीच आहे. बलिदान हल्लेखोराचं असतं, त्याला टाळ्या हव्या असतात. ही पदरमोड आहे. घरातलं किडूकमिडूक मोडून वेळ निभावून न्यायची. हत्ती देऊन उंट घेतला, हिशेबात तोटा. पण घेतलं काय? ई६ वर हत्ती बसला की ई प्यादं जागच्या जागी गोठतं आणि ई७ हे घर मोकळं होतं. सी६ वरचा घोडा ई७ मार्गे डी५ वर जायला निघतो. रेशेव्हस्कीने हत्ती लगेच घेतलाही नाही, आधी ‘ए’ प्यादं सरकवलं, मग घेतला. पण घोडा डी५ ला पोचलाच आणि त्याने तिथे ठाण मांडलं. त्या घरातून त्याला हुसकायला पांढऱ्याकडे ना प्यादं उरलं होतं, ना पांढऱ्या घरांवरचा उंट. पांढऱ्याची ती भयंकर जोडी जिथल्या तिथे राहिली.

मराठीत याला ‘खीळ घालणे’ म्हणतात. निम्झोविच या जुन्या ग्रंथकार खेळाडूच्या आणि इतरांच्या ‘ब्लॉकेड’साठी लोक ‘नाकेबंदी’ लिहितात, ते मला पटत नाही. नाकेबंदीत चौफेर घेरणं आहे, रसद तोडणं आहे. इथे चालत्या चाकात एक लाकूड सारलंय. ‘पेट्रोस्यानने प्याद्यांना खीळ घातली, घोड्याने डी५ वर ठाण मांडलं.’ आणि पुढे तिसाव्या चालीला रेशेव्हस्कीलाच हत्ती देऊन उंट घ्यावा लागला. मिळवलेला हत्ती गेला, डाव ४१ चालींत बरोबरीत सुटला.

सोलापुरी_चादर
पदरमोड! हे वर्गात सांगा, एकही पोरगं विसरणार नाही. फक्त आजच्या पोरांना पदरमोड म्हणजे काय ते आधी सांगावं लागेल.

वाळूतलाउंट
थोडं विषयांतर, पण पेट्रोस्यानचं नाव निघालं म्हणून. समोरच्याची धमकी तयार व्हायच्या आधीच तिची वाट बंद करणं, त्याला इंग्रजीत जो ‘प्रॉफिलॅक्सिस’ म्हणून वैद्यकातला शब्द आहे, त्याला मराठी काय? निम्झोविचने १९२५ च्या आपल्या ग्रंथात तो रुळवला. ‘रोगप्रतिबंधक चाल’ म्हटलं तर लसीकरण शिबिर वाटतं.

तिरकी_चाल
‘प्रतिबंधक चाल’ पुरे. रोग काढून टाका.

रांगडा_हत्ती
पाण्याआधी वळण बांधणे. म्हण तयारच आहे. ‘पेट्रोस्यान वळण बांधून ठेवायचा.’ एकदा पूर्ण म्हण सांगितली की पुढं नुसतं ‘वळण बांधलं’ चालतंय.

वाळूतलाउंट
घेतलं. त्याच निम्झोविचची दुसरी कल्पना, महत्त्वाच्या घराला गरजेपेक्षा जास्त मोहऱ्यांचं संरक्षण देणं. ‘अतिसंरक्षण’ वाचलंय एका ठिकाणी. आईवडिलांबद्दलचा लेख वाटला.

मुळाक्षर
याला तर आपला जुना शब्द आहे: जोर. ‘प्याद्याला घोड्याचा जोर आहे’, ‘उंटाला जोर दे’, ‘हत्ती बिनजोर पडलाय’. किल्लेकोट आणि वजीर येण्याआधी मुलं हा शब्द शिकायची. ‘अतिसंरक्षण’ऐवजी ‘जादा जोर’ म्हणा, निम्झोविचचं अर्धं प्रकरण एका ओळीत सांगून होतं. हल्ली वर्गांत ‘सपोर्ट आहे’, ‘डिफेंडेड आहे’ ऐकू येतं. त्याला माझी हरकत नाही, पण ‘जोर’ला जी धग आहे ती त्यात नाही. ज्या मोहऱ्यामागे जोर आहे ते नुसतं सुरक्षित नसतं, ते दुसऱ्याच्या अंगावरही जाऊ शकतं. पुस्तिकेत हा शब्द पहिल्या पानावर असायला हवा.

अडीचघर
पहिल्या पानावर टाकला. कार्याकिन राहिला. न्यूयॉर्क, नोव्हेंबर २०१६, जगज्जेतेपदाच्या मॅचचा तिसरा डाव ७८ चालींचा, चौथा ९४ चालींचा. दोन्हीत कार्लसनने तासन्‌तास पिळून काढलं, आणि दोन्ही बरोबरीत सुटले. इथे ‘जिरवला’ बसत नाही आणि ‘तोड’ही नाही. नुसतं तग धरणं आहे.

सोलापुरी_चादर
खडूस. मुंबईच्या क्रिकेटवाल्यांकडून उसना घ्या. विकेट फेकायची नाही म्हणजे नाही.

तिरकी_चाल
कार्याकिनला खडूस शोभतं, पण लहान मुलांच्या पुस्तिकेत शिक्षकांना उद्देशून वाचलं जाईल ते. 🙂 इथे जुना ‘चिवट’च योग्य आहे. शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला म्हणून चुकीचा ठरत नाही. आणि ‘तग धरणे’ तुम्ही स्वतःच लिहिलंत, ते तसंच ठेवा. शिवाय ‘बरोबरीत सोडवला’ या नेहमीच्या बातमीतल्या शब्दांकडे नीट बघा. ‘सोडवणे’मध्ये गाठ सोडवणं आहे आणि कचाट्यातून माणूस सोडवणंही आहे. कार्याकिनने ते दोन डाव अक्षरशः सोडवले. पुढे मॅच ६-६ झाली आणि जलद डावांत कार्लसन ३-१ ने जिंकला, हेही लिहा, नाहीतर मुलांना वाटेल चिवटपणाने जगज्जेतेपद मिळालं.

वाळूतलाउंट
मग लंडन २००० ची जगज्जेतेपदाची मॅच का घेत नाही? क्रॅमनिकने बर्लिन बचाव खेळून कास्पारोव्हला १५ डावांत एकही डाव जिंकू दिला नाही. दोन जिंकले, बाकीचे तेरा बरोबरीत. आठव्या चालीलाच दोन्ही वजीर पटाबाहेर, हल्ला करायला माणूसच ठेवला नाही. लोक ‘बर्लिनची भिंत’ म्हणतात, ते आपल्याकडे जसंच्या तसं चालतं, काही शोधायला नको.

अडीचघर
घेतला असता, पण त्यात हल्लाच दिसत नाही आणि दहा-बारा वर्षांची मुलं जांभया देतात. मोठ्यांच्या आवृत्तीत पाहू.

शेवटची शंका. मार्शलच्या पानावर मथळा देतोय: ‘शह आणि काटशह’. चालेल?

मुळाक्षर
कानाला गोड आहे, पण नको. राजकारणाच्या बातम्यांनी तो शब्द ‘कुरघोडीला कुरघोडी’ इतका सैल केलाय. पटावर काटशह म्हणजे शहाला दिलेला उलट शह. मार्शलने राजाला चार शह दिले: उंटाचा एच२ वरून, वजिराचा एच१ वरून, हत्तीचा ई८ वरून, वजिराचा एफ१ वरून. एकालाही कापाब्लांकाने काटशह दिलेला नाही. राजा दर वेळी फक्त बाजूला सरकलाय. वर्गातलं एखादं चौकस पोरगं काटशह कुठाय म्हणून पान उलटंपालटं करून शोधत बसेल.