जागलीच्या रात्री लागलेली सवय आणि संसारातला दुरावा

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ)
माझे वय ३१ वर्षे असून लग्नाला तीन वर्षे झाली आहेत. तूर शेंगेवर आली की रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी मी रोज रात्री जागलीला जातो, आणि हरभऱ्याच्या ओलितासाठी वीजही अनेकदा रात्रीच मिळत असल्यामुळे पहाटेपर्यंत मचाणावर एकट्यानेच बसावे लागते. झोप लागू नये म्हणून तिथे मोबाइलवर अश्लील चित्रफिती पाहू लागलो. आता दोन हंगाम झाले. पीक घरी आल्यावरही, पत्नी झोपली की, पाहिल्यावाचून राहवत नाही. दिवसभर चिडचिड होते, तिच्याजवळ असतानाही मन तिथे नसते. मागच्या महिन्यात तिने ‘माझ्यात काही उणे आहे का?’ असे विचारले आणि मी गप्प राहिलो. मला वेड लागत आहे का? तिला सांगावे का?

उत्तर १ (समुपदेशक, वर्धा)
दादा, हे वेड नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ‘अनिवार्य लैंगिक वर्तनाचा विकार’ अशी नोंद आहे, आणि तो व्यसनांमध्ये नव्हे, तर आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांमध्ये धरला आहे. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ थांबण्याचे प्रयत्न फसत असतील, काम, झोप आणि नाती यांची हेळसांड होत असेल, समाधान मिळत नसतानाही ते चालूच राहत असेल, तर निदानाचा विचार होतो. मात्र केवळ ‘आपण पाप करतो’ या भावनेतून होणारा त्रास निदानाला पुरेसा नाही, हेही तिथे स्पष्ट लिहिले आहे. मी हे मुद्दाम सांगतो, कारण क्वचित पाहणारी माणसेही लाजेने खचून माझ्याकडे येतात, आणि ती लाज विसरण्यासाठी पुन्हा मोबाइलच उघडतात. मोबाइल हातात घेण्याआधी मनात काय असते, कर्जाची काळजी, एकटेपणा की नुसती जागरणाची ग्लानी, हे आठवडाभर वहीत लिहून पाहा.

उत्तर २ (अमरावती जिल्हा)
भाऊ, मी पत्नीच्या बाजूने लिहिते. मला हे यजमानांच्या मोबाइलमधून कळले, आणि कित्येक महिने मी आरशात स्वतःला त्या पडद्यावरच्या बायांशी ताडून पाहत होते. त्यांच्या पाहण्यापेक्षा ‘काही नाही’ हे त्यांचे रोजचे उत्तर मला अधिक लागले. तुम्ही वहिनींना सांगा, पण सासूबाई ओसरीवर असताना नव्हे, आणि सगळे बारीकसारीक तपशीलही नकोत. तिच्या प्रश्नाचे उत्तर आधी द्या. तुमच्या मोबाइलवर पहारा ठेवण्याचे काम मात्र तिच्यावर टाकू नका. ते काम मी वर्षभर केले आणि त्यात आमचे बोलणेच संपले होते.

उत्तर ३ (पुसद)
शेजारच्या धुऱ्यावाल्याबरोबर जागलीच्या पाळ्या लावा आणि शेतात साधा फोन न्या. एसटी स्थानकाच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ बरे करण्याच्या जाहिराती असतात, तिथे पैसे घालू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही फोनसेवा मोफत असून चोवीस तास चालते, आणि तिथे मराठीत बोलता येते.

प्रश्नकर्ता
काल तुरीच्या कुटाराजवळ दोघेच होतो, तेव्हा तिला एवढेच सांगितले की उणे तुझ्यात नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग ‘मग कशात आहे?’ असे तिने विचारले. आज रात्री १४४१६ वर बोलणार आहे, आणि त्यानंतर तिला उरलेले सांगेन.