स्कीइंग ‘जीव की प्राण’ असणारी माणसं उतारावर दिसत का नाहीत?

धुकटचष्मा

आमचे मोठे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, कुणाशी नवी ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला स्कीइंगवर येतात. हिवाळा लागायच्या आधीपासून त्यांच्या फोनवर डोंगरांचे वेबकॅम सुरू. कुठे किती बर्फ पडला, कुठली लिफ्ट उघडली, सगळं तोंडपाठ. गॅरेजच्या भिंतीवर स्की टांगलेल्या, बुटाखाली ९८ मिमी रुंद (हा आकडा आता आम्हा सगळ्यांना पाठ आहे). गॉगल दोन, उन्हाचा वेगळा आणि ढगाळ दिवसाचा वेगळा. दर वर्षी सीझनचा पास.

आणि प्रत्यक्षात? एक तर जाणंच होत नाही. गेलेच तर दोन फेऱ्या मारून लॉजमध्ये बूट सैल करून बसतात ते संध्याकाळपर्यंत. बर्फ फार कडक आहे, नाहीतर फार ओला आहे. गर्दी आहे. उजेड सपाट आहे, खड्डा-उंचवटा कळत नाही. कारण नाही असा दिवस मी पाहिलेला नाही.

यंदा दोन्ही घरं मिळून आठवडाभर जायचं ठरतंय. भाऊजींचा आग्रह असा की घर उताराला लागूनच हवं आणि पास सगळ्यांनी सहा दिवसांचा काढायचा. माझा नवरा म्हणतो, त्यांना स्कीइंग आवडत नाही, आवडतं म्हणून सांगायला आवडतं. ताई म्हणते, नाही गं, खरंच आवडतं, रात्री व्हिडिओ बघताना त्यांचा चेहरा बघ एकदा. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

अशी माणसं तुमच्या पाहण्यात असतील. आवड असून जात नाहीत, ते का? आणि टोमणा वाटणार नाही अशा बेताने विचारायचं कसं?

उतारखुळा

तुमच्या नवऱ्याला +१. पास काढला की यांचा हिवाळा तिथेच साजरा होतो, पुढे जायची गरजच उरत नाही. माझ्या ओळखीत असे तिघं आहेत. तिघांचेही गॉगल माझ्यापेक्षा भारी आहेत.

सपाटीवरचा

मी भाऊजींच्या बाजूने. स्वतः बर्फापासून लांब राहतो, त्यामुळे हा प्रश्न जरा लागतोच.

सोंद्रे नोरहाइम हे नाव ऐकलं असेल. नॉर्वेतल्या टेलेमार्क भागातल्या मॉर्गेडालचा. पाय स्कीवर पक्का धरून ठेवणारी, टाचेमागून फिरवलेली डहाळ्यांची बांधणी त्याने वापरात आणली आणि उडी मारून, वळून दाखवलं. १८६८ साली, वयाच्या चाळिशीत, ख्रिस्तियानियाला (आजचं ऑस्लो) स्पर्धेसाठी गेला तोही स्कीवरूनच, आणि जिंकला. आधुनिक स्कीइंगचा जनक म्हणतात ते याला. तर हाच माणूस १८८४ साली कुटुंबासह अमेरिकेला गेला आणि शेवटी नॉर्थ डकोटाच्या सपाट माळावर राहिला. तिथे उतार कुठून आणणार? तरी त्याच्या दाराशी स्कीची जोडी कायम उभी असायची, असं सांगतात. वर्षाला किती दिवस जातोस, असं त्याला विचारायची कुणाची छाती झाली असती का?

उतारखुळा

नोरहाइमकडे उतार नव्हता. भाऊजींकडे उतारही आहे आणि सीझनचा पासही.

बकलवाला

धाग्यावर सगळे मनाबद्दल बोलताहेत. मी पायांबद्दल बोलतो, कारण मला तेवढंच कळतं. एका स्की रिसॉर्टच्या पायथ्याशी बूट बसवून द्यायच्या काउंटरवर मी कितीतरी हिवाळे काढलेत. मला माणसाचे पाय आधी दिसतात, चेहरा मागाहून.

‘दोन फेऱ्या मारून बूट सैल करून बसतात’ हे वाचून मी तिथेच थांबलो. ज्याला कंटाळा आलाय तो स्की काढतो, जॅकेट काढतो, फोन काढतो. बसल्या बसल्या सगळ्यात आधी चारही बकलं उघडणाऱ्याचा पाय दुखत असतो. आता तुम्ही म्हणाल, मग सांगत का नाहीत? कारण स्की बूट दुखतोच, असं त्यांना पहिल्या दिवशी कुणीतरी सांगितलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवून माणसं वर्षानुवर्षं गप्प बसतात.

होतं असं. माणूस दुकानात येतो, गालिच्यावर ताठ उभा राहतो, बोटं पुढे टेकली की म्हणतो, एक नंबर मोठा द्या. पण हा बूट ताठ उभं राहायला केलेलाच नसतो. गुडघे वाकवून नडगी पुढे रेटली की टाच मागे सरकते आणि बोटांना आपोआप जागा होते. ताठ उभं असताना बोटांची टोकं पुढे जेमतेम लागलीच पाहिजेत. गिऱ्हाईक ऐकत नाही, दुकानदारालाही वाद नको असतो, मोठा बूट घरी जातो. त्यात आतला मऊ भाग, ज्याला आम्ही लायनर म्हणतो, थोड्याच दिवसांच्या वापराने दबतो, म्हणजे सैल बूट आणखी सैल.

मग टाच वर उचलली जायला लागते. ती धरून ठेवायला माणूस बकलं आवळतो. पायाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या पुढे, रक्तवाहिनी आणि नसा अगदी कातडीखाली असतात. बकल बरोबर तिथे दाबतं. बोटं बधिर होतात, मग गार पडतात. गार पडली म्हणून जाड मोजा चढवला जातो, मग त्यावर दुसरा. आत पाय घसरतो तो थांबवायला माणूस बोटं आखडून धरतो, तळव्यात गोळे येतात. हे सगळं पहिल्या तासातलं.

आणि लिफ्टमध्ये विश्रांती मिळते असं वाटत असेल तर विसरा. जुन्या पद्धतीची खुर्चीची लिफ्ट सेकंदाला साधारण अडीच मीटर जाते. उतार दीड किलोमीटरचा धरा, दहा मिनिटं वर जायला. खाली यायला, ताशी ३० किलोमीटरने न थांबता आलात तर तीन. म्हणजे ‘स्कीइंग’च्या दिवसातला मोठा हिस्सा पाय लोंबकळत ठेवून, त्यांना बूट-स्कीचं वजन टांगून जातो. बूट नीट असेल तर त्या दहा मिनिटांत माणूस डोंगर बघतो. नसेल तर दहा मिनिटं अंगठ्याचाच विचार करतो. (अवांतर: पहिली खुर्ची-लिफ्ट १९३६ ची, अमेरिकेत आयडाहोच्या सन व्हॅलीतली. जहाजात केळ्यांचे घड चढवायची आकड्यांची साखळी बघून रेल्वेच्या एका इंजिनिअरला ती सुचली. कुठल्याच लिफ्ट नव्हत्या तेव्हा पायी चढून जायचं, दिवसाला दोन-तीन फेऱ्या, आणि त्यावर कुणी शंका घेत नसे!)

आता त्यांची कारणं परत वाचा. बर्फ कडक आहे. बुटात टाच हलत असेल तर गुडघ्याने दिलेला इशारा स्कीला उशिरा पोचतो. मऊ बर्फावर ते खपून जातं. कडक बर्फावर स्कीची धार (तळाची धातूची कड) रुतत नाही, स्की बाजूला सरकते आणि पोटात गोळा येतो. वर त्या ९८ मिमी रुंद स्की. त्या खोल, ताज्या बर्फात छान तरंगतात, पण घट्ट दाबलेल्या उतारावर एका धारेवरून दुसऱ्या धारेवर न्यायला जास्त ताकद मागतात. आणि भिंतीवर वर्षभर टांगलेल्या स्कीच्या धारा गंजून बोथट झालेल्या असणार, हे मी न बघता सांगतो. अशा सरंजामात ‘आज बर्फ चांगला नाही’ हे बहाणा नसून त्यांच्या पायांना आलेला खराखुरा अनुभव आहे.

म्हणून ‘जात का नाही?’ हे विचारूच नका. विचारा, ‘बोटं बधिर होतात का हो?’ कागद जमिनीवर ठेवून, टाच भिंतीला लावून दोन्ही पाय सेंटिमीटरमध्ये मोजा आणि बुटावरचा आकडा बघा. स्की बुटाचा नंबर म्हणजे पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये, सरळ हिशेब आहे.

लांबपल्ला

तेवढ्यासाठी क्रॉसकंट्रीकडे, म्हणजे स्कीवरून माळ-चढ तुडवत लांब जायच्या प्रकाराकडे या म्हणतो मी. बूट मऊ, टाच मोकळी, लिफ्ट नाही की लॉज नाही. आमच्याकडे नुसतं आवडतं म्हणणारा माणूस टिकतच नाही, पहिल्या चढालाच कळतं.

धुकटचष्मा

बकलवाला, काल ताईकडे जाऊन आले. मोजायचं म्हटल्यावर भाऊजी एका पायावर तयार झाले, हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. मोठा पाय २७.३ भरला. बुटावर २९.५ आहे. मोजे दोन घालतात, त्यातला एक लोकरीचा. बकलं शेवटच्या दातापर्यंत. बोटांबद्दल विचारलं तर म्हणाले, ‘ते होतंच गं, आणि अंगठ्याचं नख दर वर्षी काळं पडतं, आपोआप गळून नवं येतं.’ ताई त्यांच्याकडे बघतच राहिली, तिला हे माहीतच नव्हतं.

बूट घेऊन पंधराएक वर्षं झाली. दिसायला मात्र नवेकोरे, फक्त टाचेच्या वरच्या बाजूला केसाएवढी एक भेग आहे. घालून घालून सैल झालेत म्हणावं तर घातलेत कुठे?

बकलवाला

ते बूट या ट्रिपला नेऊ नका. हे आधी वाचा, बाकीचं नंतर.

बरेचसे बूट पॉलियुरेथेन जातीच्या प्लॅस्टिकचे असतात. हवेतला ओलावा त्या प्लॅस्टिकची साखळी आतून तोडत जातो. बूट न वापरता पडून राहिला तरी हे काम चालूच असतं. ओलसर कोंदट जागी तर जोरात. वरून चकचकीत आणि एक दिवस उतारावर शेलचा, म्हणजे बाहेरच्या टणक कवचाचा, तुकडाच पडतो. अशी टाच हातात घेऊन आलेले लोक मी पाहिलेत, आणि सगळ्यांचं वाक्य एकच, ‘पण मी तर हे फारसे घातलेच नाहीत!’ केसाएवढी भेग दिसतेय म्हणजे निकाल लागलेला आहे.

२७.३ च्या पायाला २९.५ म्हणजे वाट लागलेली. नवीन घेताना दुकानात लायनर बाहेर काढायला लावा. नुसत्या शेलमध्ये पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघायचं. दीड सेंटिमीटरच्या आसपास ठीक, दोनपर्यंत चालवून घेऊ. भाऊजींच्या आत्ताच्या बुटात तीनच्या वर निघेल. आणि मोजा एकच, पातळ. आतली थर्मल पँट बुटात खोचायची नाही, तिच्या शिवणीने नडगी सोलते.

नख काळं पडतं ते पाय आत पुढे-मागे आपटतो म्हणून. ‘होतंच’ नाही. नीट बसलेल्या बुटात होत नाही.

आणखी एक, ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. बूट बदलला की तळाची लांबी बदलते (टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते), म्हणून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड, पुन्हा जुळवून घ्यावंच लागतं. तळाचा प्रकार जुन्या बाइंडिंगला चालतो का, तेही तपासायला सांगा. हल्ली चालायला सोप्या, वळणदार तळाचे बूट येतात, ते प्रत्येक जुन्या बाइंडिंगला चालत नाहीत. बाइंडिंग किती जोराला सुटावं हे वजन, उंची, वय आणि तळाची लांबी यांवरून तक्त्यात बघून ठरतं. पन्नाशीला आलेल्याला त्याच तक्त्यात एक पायरी खाली धरतात. भाऊजी पन्नाशीत असतील तर जुना आकडा तसाच ठेवू नका.

हे लावून देताना दुकानात जो फॉर्म भरून घेतात, त्यावर एक रकाना असतो, स्कीअरचा प्रकार. एक म्हणजे जपून, हळू, सोप्या उतारावर. तीन म्हणजे वेगात, कडक, तीव्र उतारावर. हा रकाना गिऱ्हाइकाने स्वतः भरायचा असतो आणि तुमच्या प्रश्नातली सगळी मंडळी इथे तीन लिहितात. तीन लिहिलं की बाइंडिंग जास्त घट्ट लावलं जातं. मग हळू वेगात, पीळ बसत पडल्यावर ते सुटत नाही आणि पीळ गुडघ्यात जातो. घरी, चारचौघांत, वाटेल ते सांगावं. त्या रकान्यात खरं लिहावं.

उतारखुळा

मान गए. पण समजा नवे बूट झाले, बाइंडिंग झालं, धार लावली आणि भाऊजी तरीही लॉजमध्येच. मग?

बकलवाला

मग तुम्ही जिंकलात. असेही लोक असतात, नाही म्हणत नाही. पण पाय दुखत असताना ते त्यातले आहेत की नाहीत, हे ठरवता येत नाही. आणि लॉजच्या खिडकीतून डोंगर बघायला आवडणं हाही काही गुन्हा नाही, फक्त त्याला सहा दिवसांचा पास लागत नाही. सुरुवातीला दोन दिवसांचा घ्या आणि तिसऱ्या सकाळी कोण दारात उभं राहतं ते बघून पुढचं ठरवा. घर उताराला लागून असू द्या. पाय दुखला तर बदलायला परतता येतं.

नवे बूट ट्रिपच्या पहिल्या सकाळी प्रथम घालायचे नाहीत. आधी घरी, संध्याकाळी तासभर बकलं लावून टीव्हीसमोर बसायचं, अधूनमधून गुडघे वाकवून उभं राहायचं. एखाद्या ठिकाणी सतत टोचलं तर तिथे खूण करून दुकानात न्या, शेल गरम करून तेवढीच जागा फुगवून देतात.

धुकटचष्मा

आज नवे बूट आले, २७.५. ताईच्या घरी सोफ्यासमोर बकलं लावून बसलेत आणि पाहुण्यांना शेलमध्ये बोट घालून दाखवताहेत. दोन दिवसांच्या पासलाही हो म्हणाले. बाइंडिंगचा फॉर्म तेवढा अडला. मी बकलवाल्यांचा तो परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बरोबर आहे त्यांचं, लोक उगाच तीन लिहितात. पण मी खरंच तीन आहे.’

बकलवाला

ताईंना पेन घेऊन दुकानात बरोबर पाठवा.