वडिलांचा व्हॉल्व्ह रेडिओ लावला आणि दोन मिनिटांत मेणाचा वास आला. आता?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. कराडजवळचं आमचं गावाकडचं घर या दिवाळीत पाडायला दिलं. वाटण्या झाल्या तेव्हा हा रेडिओ माझ्या वाट्याला आला असं म्हणवत नाही. कुणालाच नको होता म्हणून मी गाडीत टाकून पुण्याला आणला. लाकडी खोकं, पुढे पिवळं पडलेलं कापड, चार पांढरी बटणं, कोपऱ्यात मॅजिक आय (केंद्र लागल्याचं दाखवणारा हिरवा डोळा). कंपनीची पट्टी केव्हाच पडली आहे, तिची दोन भोकं तेवढी उरलीत. मागचा पुठ्ठा काढला तर आत कोळ्याची जाळी आणि १९७१ सालची रेडिओ लायसनची चोपडी, पोस्टाच्या शिक्क्यांसकट.

डायलच्या काचेवर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका आहे. तो आईचा. बाबांना चष्म्याशिवाय आकडे दिसायचे नाहीत, म्हणून तिने पुणे केंद्राच्या जागी लावून दिला होता. काटा ठिपक्यावर आणला की बाजारभाव, आणि रात्री ‘आपली आवड’.

आता चूक सांगते. मी स्वयंपाकघरात होते, भाच्याने हौसेने पिन लावली. डायलचा दिवा लागला, डोळा अर्धवट हिरवा झाला, मग मोठी घरघर. दोनेक मिनिटांत मेणबत्ती विझवल्यासारखा वास. मी धावत येऊन पिन ओढली. खाली टेबलावर मेणाचे दोन थेंब.

जवळच्या दुकानात फोटो दाखवले. “आतलं सगळं काढून ब्लूटूथचा बोर्ड बसवून देतो, साडेतीन हजार.” भाऊ म्हणतो देऊन टाक. मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. सोल्डरिंग येतं, मल्टीमीटर आहे, पण बारा व्होल्टच्या वर कधी हात घातलेला नाही. हा मूळ रूपात चालू होईल का? आणि त्यावर मोबाइलमधलीही गाणी वाजवता आली तर फारच बरं.

बुधवारपेठी

भावाचं ऐका असं मी सांगणार होतो, कारण मी एकाचं तसं केलं आहे. आवाज मोठा येतो, पण खोकं तेवढं जुनं राहतं. चार हजारांच्या कुठल्याही स्पीकरसारखाच वाजतो. मुख्य म्हणजे बँडचं बटण फिरवलं तर काहीच होत नाही. पाहुणे येतात आणि नेमकं तेच फिरवून बघतात. करायचंच असेल तर चेसिस (आतला पत्र्याचा सांगाडा) न तोडता काढून खोक्यात जपून ठेवा. मी भंगारात दिली, अजून बोच लागते.

डाग_कथिल

ताई, मी कोल्हापूरचा. ३८ वर्षं रेडिओ, नंतर टीव्ही दुरुस्त केले, आता नातू सांभाळतो. भाच्याला रागावू नका. पंचवीस-तीस वर्षं बंद असलेला रेडिओ समोर आला की पहिल्यांदा पिनच लावावी वाटते, शहाण्या माणसांनीही लावली आहे.

आधी एक सांगा. मागून टॉर्च मारून व्हॉल्व्हच्या, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांच्या, काचेवरचे नंबर वाचा. पुसट झाले असतील तर काचेवर तोंडाची वाफ सोडा, अक्षरं उमटतात. पहिलं अक्षर ई आहे की यू, यावर सगळं अवलंबून आहे. ई असेल तर फिलॅमेंटला (आतल्या तापणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट, आत मेन्स ट्रान्सफॉर्मर, आपण पुढे बोलू. यू असेल तर सगळ्या व्हॉल्व्हची फिलॅमेंटं माळेतल्या दिव्यांसारखी एकापुढे एक जोडलेली आणि त्या रेडिओची चेसिस थेट लाइनला लागलेली असते. पिन उलटी बसली की पत्र्यावर फेज. तसा असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेट लाइनपासून वेगळा ठेवणारा) हात लावायचा नाही आणि मोबाइलचा विचार मनातून काढायचा.

मेण नक्की कुठून गळलं तेही बघा.

कृष्णाकाठ

काका, वाफेची युक्ती जमली. ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८० आणि डोळ्याचा ईएम ८०. दोघांवर बंगळूरच्या बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा) शिक्का आहे. मेण मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या खालच्या कडेला ओघळलंय.

डाग_कथिल

म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा सेट. सुटलात.

आता घरघर आणि मेण यांचं सांगतो. ईबीसी ८१ आवाज थोडा वाढवतो आणि स्पीकर चालवणाऱ्या ईएल ८४ ला देतो. दोघांच्या मध्ये एक कंडेन्सर असतो, बहुतेक पॉइंट झिरो वनचा, मेणकागदाचा. त्याच्या एका टोकाला शंभरेक व्होल्ट, दुसरं टोक ईएल ८४ च्या ग्रिडला, म्हणजे करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीला. त्याने आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचा. कागदात ओल शिरली की तो डीसी गळू देतो. ग्रिडवर प्लस व्होल्टेज आलं की व्हॉल्व्ह सुसाट करंट ओढतो. तो करंट मेन्स ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा ईझेड ८० आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर तिघांतून जातो. मेण ओघळलं ते त्या तापाने. घरघरीला फिल्टरचा डबल कॅनही (एका डब्यातले दोन मोठे कंडेन्सर) जबाबदार असणार. दोन मिनिटांत पिन ओढलीत म्हणून वाचलात. माझ्या दुकानात आलेल्या दहा बंद रेडिओंपैकी निम्म्यांत हाच एक कंडेन्सर निघायचा, आणि लोक आधी व्हॉल्व्ह बदलून बसलेले असायचे.

सीरीज बोर्ड तुमच्या लॅबमध्ये असेलच. नसेल तर बनवा. फेजच्या वायरीत एक होल्डर, त्यात ६० वॉटचा तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही, देवघरातला झिरोही नको. रेडिओ त्याच्यातून लावायचा. बल्ब एकदा उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद.

पण त्याआधी, पिन काढलेली असताना, आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (व्हॉल्व्हकडची गुंडाळी) मोजा. चारशे-पाचशे ओहम आली तर देव पावला. आणि स्पीकरची वायर सुटी ठेवून रेडिओ कधी लावू नका. लोड नसेल तर हाच ट्रान्सफॉर्मर आतून उडतो, आणि गुंडाळणारी माणसं आता शोधावी लागतात.

पिन काढली म्हणजे रेडिओ मेला असं समजू नका. फिल्टरच्या कॅनमध्ये तीनशे व्होल्ट बसून राहतात. १० के, ५ वॉटचा रेझिस्टन्स क्लिपने लावून उतरवा, मीटरवर शून्य बघा, मगच बोट घाला. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणारे मिस्त्री मी पाहिलेत, त्यांच्यासारखं करू नका. चालू सेटवर मोजताना डावा हात पाठीमागे.

मोजायचं हे: मीटर डीसीवर, काळी वायर चेसिसला. ईएल ८४ ची २ नंबरची पिन ग्रिड, ३ नंबरची कॅथोड. ग्रिडवर शून्य हवं, कॅथोडवर सातच्या आसपास. ग्रिडवर दोन-चार व्होल्ट जरी दिसले तरी बंद करा आणि त्या कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवा. पुन्हा लावून बघा. टोक सोडूनही ग्रिडवर व्होल्टेज आलं तर कंडेन्सर बिचारा निर्दोष, व्हॉल्व्ह गॅसी झालाय, म्हणजे आत वायू साचलाय. ईएल ८४ ची चिंता नको, गिटारच्या अँप्लिफायरसाठी तो आजही नवा बनतो.

आय.एफ. (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या) कॉइलच्या स्क्रूंना मात्र हात लावायचा नाही. ते ढिले वाटतात आणि माणसाला आवळावेसे वाटतात. एकदा आवळले की ४५५ किलोसायकलचं सिग्नल जनरेटर घेऊन बसावं लागेल.

नाशिकचा ओहम

काकांशी एका बाबतीत मतभेद. एक कंडेन्सर गेलाय म्हणजे त्याच वयाचे बाकीचेही रांगेत आहेत. कागदाचे आणि इलेक्ट्रोलिटिक सगळे एकदमच बदला, पाचशे रुपयांच्या आत काम होतं. सिरॅमिक आणि मायकाचे राहू द्या.

मेन्सच्या वायरीपासून चेसिसला गेलेला एक छोटा कंडेन्सर असेल, तो विसरू नका. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या त्याच्यामुळे. तिथे वाय २ प्रकारचाच घाला, साधा नको. मागे व्होल्टेजची प्लेट असेल तर ती सगळ्यात वरच्या आकड्यावर, २४५ असेल तर २४५ वर ठेवा.

डाग_कथिल

बदला, पण एकदम नको. एक बदलायचा, रेडिओ लावायचा, ऐकायचं, मग दुसरा. बारा बदलून झाल्यावर आवाज बंद पडला तर बारा ठिकाणी शोधत बसाल. माझ्याकडे इंजिनिअर मंडळींचे असे सेट यायचे, पिशवीत घालून. (तुम्हाला नाही म्हणत.)

फिल्टरला मोठा कंडेन्सर घातला की घरघर आणखी कमी होईल, असं वाटून शंभर मायक्रोफॅरड घालू नका. ईझेड ८० ला पहिल्या जागी ५० च्या वर चालत नाही, चालू करताना भरण्याचा झटका त्याच्यावर येतो. ४७ मायक्रो, ४५० व्होल्टचे दोन घ्या. पासोड्या विठोबाकडच्या गल्लीत मिळतील. कॅन वर तसाच दिसू द्या, नवे खाली लपवा, पण कॅनच्या तारा सोडून. जुना कंडेन्सर नव्याला समांतर ठेवणं म्हणजे चोराला घरात ठेवून कुलूप बदलणं.

मोबाइलसाठी काही तोडायचं नाही. मागे ग्रामोफोनसाठी दोन भोकं आहेत ना? ती थेट व्हॉल्यूम कंट्रोलवर जातात. ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर बाहेर ठेवा, त्याचा डावा-उजवा आवाज एकेक १ के रेझिस्टन्समधून जोडून एक करा आणि भोकांत द्या. बँड स्विच ग्रामोफोनवर. हा रेडिओ मोनो आहे, दोन्ही वायरी नुसत्या पिळून जोडल्या तर त्या रिसीव्हरच्या दोन बाजू एकमेकींशी भांडतात.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. कॉलेजच्या परीक्षा होत्या, शिवाय तारेचा बल्ब शोधण्यात चार दिवस गेले. शेवटी आमच्या इस्त्रीवाल्या दादांच्या टपरीत टांगलेला मिळाला, बदल्यात एलईडी दिला.

प्रायमरी ४८० ओहम. सीरीज बोर्डावर बल्ब मंद झाला. ६० वॉटवर सगळं अर्धपोटी वाटत होतं, म्हणून १०० वॉटचा लावला. ग्रिड: ९ व्होल्ट. कॅथोड: १३ च्या वर. लगेच बंद केलं. टोक सोडवलं, पुन्हा लावलं, ग्रिड शून्य. मी तिथेच एकटी टाळ्या वाजवल्या.

कंडेन्सर सोडवून हातात घेतला तर करंगळीएवढी तपकिरी नळी, एका टोकाला मेण फुटलेलं. नवा ६३० व्होल्टचा तांदळाच्या चिकटलेल्या दोन-तीन दाण्यांएवढा आहे, जुन्याच्या जागी दिसतही नाही. आता ग्रिड ०.०, कॅथोड ७.४. फिल्टरचे दोन, मग झिणझिण्यांचा, मग बाकीचे सहा, काकांच्या पद्धतीने एकेक करून. चौथ्यानंतर आवाज खरंच बंद पडला होता! मी ईबीसी ८१ च्या सॉकेटवर कथिलाचा थेंब पाडला होता. एकच जागा बघायची होती म्हणून दहा मिनिटांत सापडला.

व्हॉल्यूमची खरखर काँटॅक्ट क्लीनरने गेली. मोबाइल वाजतोय. जुनी गाणी बरी वाटतात, नव्या गाण्यांचा ठेका मात्र खोक्यातून गुदमरून येतो.

अडचण रेडिओचीच आहे. मीडियम वेव्हवर एवढी खरखर की केंद्र लागलंय हे अंदाजाने कळतं. आणि लागतं तेही ठिपक्याच्या बोटभर डावीकडे. आय.एफ. खराब झालं का?

डाग_कथिल

शाब्बास. आय.एफ. सोडा. खरखर तुमच्या घरातली आहे. ब्लूटूथचा चार्जर काढा, एलईडीचे दिवे बंद करा, पंख्याचा रेग्युलेटर पूर्णावर ठेवा. मग गॅलरीत वीस फूट वायर बांधून एरियलच्या भोकात द्या. बाबांच्या वेळी गावात ट्यूबलाइट सोडली तर खरखर करणारं होतं काय?

पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे तुमच्या डायलवर ३७९ मीटर, चारशेच्या जरा अलीकडे. आईंचा ठिपका तिथेच असेल तर काटाच सरकलाय. काटा दोऱ्यावर नुसत्या चिमट्याने बसवलेला असतो. केंद्र लावून ठेवा, बटण हलू देऊ नका आणि काटा दोऱ्यावरून ठिपक्यापर्यंत सरकवा. दोरा ओढू नका. तुटला तर तो पुन्हा ओवणं हे या सगळ्या कामाहून अवघड आहे, आणि मी कोल्हापुरात आहे.

कृष्णाकाठ

चार्जर काढला, दिवे घालवले, वायर कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधली. काटा सरकवताना श्वास रोखला होता. दोरा शाबूत आहे.

काल रात्री आईला गावाहून आणलं. अंधारात बसवलं, कारण दिवे लावले की खरखर. तिने चष्मा न लावता बटण फिरवलं, काटा ठिपक्यावर आणला आणि म्हणाली, “आवाज जरा बारीक कर, शेजारचे झोपले असतील.”

बुधवारपेठी

काका, माझ्या रिकाम्या खोक्यात बसेल अशी एखादी चेसिस आहे का तुमच्याकडे? कोल्हापूरला यायची तयारी आहे.

डाग_कथिल

माळ्यावर तीन आहेत. खोक्याची आतली लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये कळवा, आणि बटणांच्या भोकांमधलं अंतरही.