मदत हवी आहे: प्रीमियर लीग डार्ट्स, बाबांची वही आणि ५० चं कोडं

नमस्कार मंडळी,

मी लीड्सला राहते. बाबा डिसेंबरपासून माझ्याकडे आलेत. वय ७१, सांगली आगारातून एसटी कंडक्टर म्हणून निवृत्त. इथे चार वाजता अंधार पडतो, बोलायला कोणी नाही, जानेवारीत ते अगदी मिटून गेले होते. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी नवऱ्याने टीव्हीवर प्रीमियर लीग डार्ट्स लावलं, म्हणजे गोल बोर्डावर छोटे बाण फेकायची स्पर्धा. बाबा अर्धा तास नुसते बघत बसले. मग म्हणाले, "हा पाचशे एकातनं वजा करत चाललाय व्हय?" आणि आत जाऊन नातवाची चौकटीची वही घेऊन आले.

तेव्हापासून गुरुवार त्यांचा. वहीत वेबिलासारखे रकाने आखलेत: तीन डार्टांचे गुण, खाली उरलेला आकडा, लेग (५०१ पासून शून्यापर्यंतचा एक डाव) संपला की दुहेरी रेघ. गुण पुकारणाऱ्या कॉलरचं इंग्रजी त्यांना समजत नाही, पण पडद्यावर आकडा यायच्या आत ते उरलेले गुण सांगतात. चाळीस वर्षं सुट्टे पैसे दिलेला माणूस!

शून्यावर येताना शेवटचा डार्ट डबलवरच (दुप्पट गुणांच्या पट्टीत) लागावा लागतो. ९७ उरले की सगळे खेळाडू २० चा ट्रेबल (तिप्पट गुणांची पट्टी) सोडून १९ च्या ट्रेबलकडे का जातात, हे त्यांनी स्वतःच शोधलं. ६० गेले तर ३७ राहतात, विषम. ५७ गेले तर ४० राहतात, डबल २० वर खेळ खलास. त्या रात्री त्यांचा चेहरा बघायला हवा होता.

पण एका गोष्टीवर ते अडलेत आणि मलाही सांगता येत नाही. परवा एका खेळाडूकडे ५० उरले होते, हातात शेवटचा डार्ट. त्याने बुलवर (मधला ५० चा ठिपका, तोही डबलच धरतात) मारला, चुकला. दोन लेगनंतर त्याच खेळाडूकडे पुन्हा ५० आणि पुन्हा शेवटचा डार्ट. या वेळी त्याने बुलकडे पाहिलंही नाही, साधा १८ मारला आणि बाजूला झाला. बाबा चार दिवस विचारतायत, "जिंकायची संधी सोडून गडी १८ का मारतंय?"

आणखी तीन शंका:
गुणतक्ता कसा चालतो? दर आठवड्याला तेच आठ जण का?
लीड्सच्या अरीनात त्यांना एका गुरुवारी न्यायचं आहे. गुडघे दुखतात, गोंगाटाची सवय नाही. कुठली तिकिटं काढू?
परत गेल्यावर सांगलीच्या घरी बोर्ड लावायचा म्हणतात. मापं नीट हवीत.

ते एप्रिलअखेर जाणार, त्यामुळे जरा घाई आहे.

— लीड्सकरीण

प्रतिसाद: तिसरा डार्ट

तक्त्याचं सांगतो. २०२२ पासूनची पद्धत अशी: आठ खेळाडू, फेब्रुवारी ते मे सोळा गुरुवार, प्रत्येक रात्र म्हणजे एक छोटी बाद फेरीची स्पर्धा. चार उपांत्यपूर्व, दोन उपांत्य, एक अंतिम, जो आधी ६ लेग जिंकेल तो पुढे. रात्र जिंकणाऱ्याला ५ गुण, उपविजेत्याला ३, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांना २-२. पहिल्याच सामन्यात हरलात की शून्य. सोळा रात्रींनंतर वरचे चार शेवटच्या रात्री खेळतात, २०२३ पासून लंडनच्या ओटू अरीनात.

आठ जण तेच, कारण जागतिक क्रमवारीतले पहिले चार आपोआप येतात आणि उरलेले चार पीडीसी (व्यावसायिक डार्ट्सची संघटना) निवडते. त्या चार निवडींवरून दर जानेवारीत भांडणं होतात. माझ्या मते होणं बरोबरच आहे, चांगल्या फॉर्मातला एक तरी माणूस बाहेर राहतोच.

काकांना २०२४ ची फायनल दाखवाच. सतरा वर्षांच्या ल्यूक लिटलरने ल्यूक हम्फ्रीजला ११-७ हरवलं आणि त्यात एक लेग नऊ डार्टांत, म्हणजे शक्य तितक्या कमी डार्टांत, संपवला. पुढच्या वर्षी हम्फ्रीजने ११-८ ने परतफेड केली.

प्रतिसाद: दुहेरी सोळा

ताई, काकांच्या कोड्याचं उत्तर त्यांच्या वहीत नसलेल्या रकान्यात आहे. एक विचारते, ते दोन्ही खेळाडूंचे गुण लिहितात की एकाचेच?

५० वर शेवटचा डार्ट असताना काय करायचं हे समोरच्याकडे किती उरलेत त्यावर ठरतं. त्याच्याकडे ४० उरले असतील तर तुम्हाला दुसरी पाळी बहुधा मिळणारच नाही, म्हणून बुलचा धोका पत्करायचा. आणि समोरच्याकडे २४० असतील तर तो तीन डार्टांत संपवूच शकत नाही. मग घाई कशाला? १८ मारून ३२ ठेवायचे, पुढच्या पाळीला तीन डार्ट मिळतात.

तीन डार्टांत जास्तीत जास्त १७० संपतात: दोनदा ट्रेबल २० आणि बुल. पण त्याखालीही सात आकडे असे आहेत की ते तीन डार्टांत संपतच नाहीत: १६९, १६८, १६६, १६५, १६३, १६२, १५९. खेळाडूंना हे तोंडपाठ असतात आणि समोरचा यांपैकी एकावर बसला की ते निवांत होतात.

आता ३२ च का, ४० का नाही? १० मारला तर ४० राहतात आणि तेही पुष्कळ जण करतात. पण डबल १६ चुकून साधा १६ लागला तर १६ राहतात, म्हणजे डबल ८. तोही आत लागला तर डबल ४, मग डबल २, मग डबल १. दर वेळी निम्मे होतात आणि तरी डबलवरच राहता. डबल २० चं तसं नाही: २०, १०, मग ५ वर अडकता आणि विषम सोडवायला एक डार्ट वाया जातो.

आणि काकांना माझा नमस्कार सांगा. मी दहा वर्षं बघतेय, पण ९७ चं मला समालोचकाने सांगितलं तेव्हा कळलं होतं.

प्रतिसाद: मासतीरावरून

मी रॉटरडॅमला एका रात्री गेलो होतो. खाली मैदानात लांबच लांब टेबलं असतात, लोक वेषांतर करून येतात, बिअर वाहते, गाण्यावर सगळे उभे राहतात. मजा आहे, पण काकांना तिथे बसवू नका, पुढचे उभे राहिले की काही दिसणार नाही. कडेच्या चढत्या रांगांतल्या खुर्च्या घ्या, आणि गुडघ्यांसाठी अरीनाला आधी फोन करून पायऱ्या कमी लागतील अशी जागा मागा. बोर्ड कुठूनही बशीएवढाच दिसतो, सगळे मोठ्या पडद्यांवरच बघतात. कानात घालायचे बोळे न्या. सात सामने असतात, रात्र लांबते. दमले तर उपांत्य फेरीनंतर निघा, पण मला वाटतं ते निघणार नाहीत.

प्रतिसाद: गावभागातला

सांगलीच्या बोर्डाचं माझ्याकडे लागलं. बुलचा मध्य जमिनीपासून १.७३ मीटर, फेकायची रेघ २.३७ मीटरवर. इथे सगळे चुकतात: अंतर भिंतीपासून नाही, बोर्डाच्या पुढच्या पृष्ठभागापासून मोजायचं. पडताळा म्हणून बुलपासून रेघेपर्यंत तिरकी दोरी धरा, २.९३ मीटर भरली पाहिजे.

कागदाचा बोर्ड घेऊ नका. सिसलचा घ्या, म्हणजे आपल्या घायपाताच्या वाखासारखा. टोक निघालं की वाख पुन्हा मिटतो, म्हणून तो टिकतो. मधूनमधून आकड्यांचं कडं काढून बोर्ड फिरवा, नाहीतर २० चाच भाग झिजतो. ओल येणारी भिंत टाळा, आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. काका आले की कळवा, भिंतीला भोक पाडायला मी ड्रिल घेऊन येतो.

लीड्सकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. दुहेरी सोळा, तुमचं अगदी बरोबर निघालं. बाबा फक्त त्यांच्या आवडत्या खेळाडूचा रकाना भरत होते! तुमचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. पट्टी घेतली आणि पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. सात आकडे वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून घेतले.

काल रात्री दुसऱ्या उपांत्य सामन्यात एकाकडे ५० राहिले, हातात शेवटचा डार्ट. नवरा म्हणाला, आता बुल. बाबांनी उजव्या रकान्यावर पेन टेकवलं, तिथे १६८ होते. म्हणाले, "छे. ह्यो अठरा मारणार." आणि त्याने अठराच मारला.

लीड्सची तिकिटं काढली, कडेच्या रांगेतली, लिफ्टजवळची. आता बाबांचा एकच प्रश्न उरलाय: वही आणि पेन आत नेऊ देतात का? कोणी नेलं असेल तर कृपया सांगा.