मदत हवी आहे : भाचीला राजदूत व्हायचंय, तयारी मराठीतून की इंग्रजीतून?

नमस्कार मंडळी. भाची सोलापुरातच बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डॉ. कोटणीसांचं स्मारक पाहिल्यापासून (१९३८ साली चीनला गेलेले आपले सोलापूरकर!) परराष्ट्र सेवेचं वेड घेतलंय. यूपीएससीतून आयएफएस, दिल्लीत प्रशिक्षण, एक परदेशी भाषा सक्तीची, आधी दूतावासात थर्ड सेक्रेटरी आणि राजदूतपद बऱ्याच वर्षांनी, इथवर माहिती काढली. ताईला मात्र दर तीनेक वर्षांनी बिऱ्हाड हलवायचं हेच पचत नाहीये. लग्नाचा विषय तर काढूच नका.

मुख्य परीक्षा मराठीतून देता येते, पण तसं करून आयएफएस मिळालेलं कुणी ओळखीचं आहे का? निवृत्त आयएफएस अधिकारी ज्ञानेश्वर मुळे आपल्या कोल्हापूरकडचे, पण ते १९८३ च्या तुकडीचे. हल्लीचं सांगा. आणि पुण्याला क्लास लावायलाच हवा का?