रायवळ आंब्यावर आलेली अळंबी खाता येईल का?

परसदार_राजापूर
घरामागच्या रायवळ आंब्याची एक फांदी वठली आहे. यंदाच्या पावसात तिच्यावर पांढरट, देठ जवळजवळ नसलेली अळंबी थरांनी आली. शेजारी शेवग्याच्या मेलेल्या खोडावर तपकिरी, कानाच्या पाळीसारखं लिबलिबीत काहीतरी आहे. सासूबाई म्हणतात, वारुळावरची सोडून कुठलीच खायची नाही. मी पांढरी चांदीचा चमचा घालून उकळली, चमचा काळा पडला नाही. मग हरकत नाही ना?

रानभाजी_काकू
थांबा! चमच्यावर अजिबात जाऊ नका. अळंबीच्या विषाने चांदी काळी पडत नाही. लसूण घालून बघणं, किडे लागलेत का ते बघणं, सगळ्या परीक्षा खोट्या. सासूबाईंचं ऐका. वारुळातली अळंबी वाळवीच पोसते आणि तिची ओळख आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पक्की आहे. झाडावरचीला ती ओळख लागू पडत नाही.

पांढरी ती धिंगरी (खाण्याची ऑयस्टर मशरूम) असू शकते. उलटी करून बघा, धिंगरीच्या टोपीखालच्या पात्या देठावर उतरत येतात. मग एक टोपी पात्या खाली करून अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाटी उपडी घाला. सकाळी कागदावर बीजाणूंची (अळंबीच्या बियांसारख्या कणांची) पूड पडलेली दिसेल. धिंगरीची पांढरी किंवा किंचित जांभळट असते. पण पांढरी पडली म्हणजे खायला मोकळे, असं नाही. बऱ्याच विषारी अळंब्यांचीही पांढरीच पडते.

माळीदादा
शेवग्यावरची कानाची अळंबी वाटते. तिला पात्या नसतात, ओली असताना रबरासारखी वाकते, वाळली की कडक होते, पाण्यात टाकली की पुन्हा फुगते. चिनी सूपमधली काळी अळंबी याच कुळातली. मणिपूरमध्येही खातात.

परसदार_राजापूर
काकू, पूड तपकिरी पडली. शिवाय मोहोराच्या वेळी झाडावर फवारणी झाली होती.

रानभाजी_काकू
मग ती धिंगरी नव्हे, फेकून द्या. फवारलेल्या झाडावरची धिंगरी असती तरी मी घेतली नसती. शेवग्यावरचीही फोटोवरून ठरवू नका. लाकडाच्या तुकड्यासकट ताजा नमुना कागदी पिशवीत घाला (प्लॅस्टिकमध्ये घामेजून सडतो) आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवा. होकार आला तरच, लवचीक आहे तोवर सुरीने बुडाशी कापा, नीट शिजवा, पहिल्यांदा दोनच घास खा. आणि ती आंब्याची फांदी घरावर झुकलेली असेल तर पाऊस ओसरताच उतरवून घ्या. अळंबी आली म्हणजे लाकूड आतून कुजलंय.