सोयाबीनचे शेंडे पिवळे, धुऱ्यावरची ज्वारी हिरवीगार: लोह कुठं अडतं?

कास्तकार_देवळी
राम राम मंडळी. भारी काळी, चुनखडीची जमीन, पीएच ८.३. झडीनंतर सोयाबीनचे शेंडे पिवळे पडले. शिरा हिरव्या, खालची पानंही हिरवी. लागूनच धुऱ्यावर ज्वारी आहे, तिला काहीच नाही. माती परीक्षणात लोह ३.१ पीपीएम. काळ्या मातीत लोह ढिगानं असतं म्हणतात, मग हे कसं? अन् युरिया फेकू का?

मूळशोध
युरिया नको भाऊ. नत्र कमी पडलं तर खालची पानं आधी पिवळी होतात, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून शेंड्याला देतं. लोह तसं सहज हलत नाही, म्हणून नवं पान उपाशी राहतं. वरून युरियाचं विघटन होताना बायकार्बोनेट वाढतं, अन् पुढं नायट्रेट शोषताना मूळ प्रोटॉनही (आंबटपणा आणणारे हायड्रोजनचे कण) ओढून घेतं. म्हणजे मुळाभोवती पीएच आणखी चढतो.

मातीत लोह आहे, पण फेरिक म्हणजे सहज न विरघळणाऱ्या रूपात. पीएच एकानं वाढला की त्याची विद्राव्यता हजारपटीनं घटते. डीटीपीए चाचणीत (झाडाला मिळू शकणारं लोह मोजायची माती चाचणी) ४.५ पीपीएमखाली कमतरता धरतात.

आता झाडाकडून. हे मोहरीच्या कुळातल्या अरेबिडोप्सिसवर नीट उलगडलंय, सोयाबीनची पद्धत तीच. लोह घटलं की एफआयटी हे प्रथिन मुळाच्या बाह्य पेशींतली जनुकं चालू करतं. एएचए२ पंप प्रोटॉन बाहेर फेकून माती आंबट करतो, एफआरओ२ हे विकर फेरिकचं फेरस (विरघळणारं रूप) करतं, आयआरटी१ हे वाहक प्रथिन ते आत ओढतं. आयआरटी१ फार चोखंदळ नाही, जस्त-मँगनीजही घेतं. पानांकडूनही मुळाला मागणी पोचते, त्यात आयएमए नावाच्या छोट्या पेप्टाइडांचा हात आहे.

झडीत मातीतली पोकळी पाण्यानं भरते, मुळांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड कोंडतो, चुनखडी विरघळून बायकार्बोनेट होतं. ते पंपानं फेकलेले प्रोटॉन जागीच गिळतं. एफआरओ२ ला आंबटपणा लागतो, तो मिळतच नाही. झाडाला कमतरता कळलेली असते, जनुकंही चालू असतात, पण काम होत नाही.

ज्वारी गवतकुळातली. ती म्यूजिनेइक आम्लाच्या गटातले रेणू मुळातून सोडते, ते फेरिक लोहालाच पकडतात अन् जोडी तशीच आत जाते. त्यामुळं पीएच चढला तरी तिचं तितकं अडत नाही.

फवारापंप
आधी पाणी काढा, वापसा आला की डवरणी. मग १५ लिटरच्या पंपाला १५ ग्रॅम सायट्रिक आम्ल *आधी* विरघळवा, मग ७५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट). उलट केलं तर विहिरीच्या जड पाण्यात तांबूस गाळ बसतो अन् नोझल तुंबतं. द्रावण ताजं वापरा, संध्याकाळी मारा; उन्हात पानं करपतात. आधी दोन-चार ओळींवरच मारून पाहा. चार-पाच दिवसांत शिरांमधला भाग हिरवा होऊ लागला तर दुखणं लोहाचंच. हिरवे-पिवळे बेढब चट्टे असतील तर मोझॅक (विषाणूचा रोग), तिथं हिराकस वाया. नवीन पानं फुटली की ८-१० दिवसांनी दुसरा फवारा.

कास्तकार_देवळी
सोबत १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) चालेल का? चिलेटेड (सेंद्रिय रेणूत पकडून ठेवलेलं) लोह जमिनीतून दिलं तर?

फवारापंप
१९:१९:१९ नको, स्फुरदासोबत लोहाचा साका बसतो. ईडीटीए लोह फवाऱ्याला ठीक, पण चुनखडीच्या मातीत कॅल्शियम त्यातल्या लोहाची जागा घेतं. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए हे दुसरं चिलेट; महाग पडतं, म्हणून संत्र्याला परवडेल, सोयाबीनला क्वचितच.